पीसी गेम दुकानातून की डाउनलोड? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात गोखले रोडच्या एका आतल्या गल्लीत २००६ ते २०१७ मी गेमच्या डिस्क विकत होतो. आता कळव्यात घरूनच संगणक जोडून देतो, दुरुस्त करतो. काउंटरसमोर दप्तर पाठीला लावून उभी राहणारी मुलं आता नोकरीला लागली, काहींची लग्नं झाली. पण फोन अजून येतात आणि प्रश्नही बरेचसे तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

नवीन पीसी गेमची डिस्क ठाण्यात किंवा वाशीत कुठे मिळेल?

मिळणार नाही, असंच समजून चला. प्लेस्टेशनच्या डिस्क दुकानात दिसतात, त्यामुळे पीसीच्याही असतील असं वाटतं. पण पीसीचा खोका दिसलाच तर तो जुन्या मालातला असतो, नाहीतर आत डिस्कऐवजी कोड छापलेला कागद असतो. २०१५ साली मेटल गिअर सॉलिड ५ चा पीसी खोका आला. त्यात डिस्क होती, पण डिस्कवर गेम नव्हता, फक्त स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचा इन्स्टॉलर, म्हणजे ते संगणकावर बसवायची फाइल, होता. पुढे कंपन्यांनी तेवढीही डिस्क घालणं सोडून दिलं.

गेमची दुकानं पायरसीमुळेच बंद पडली ना?

हे मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतं आणि ते मला पटत नाही. स्टेशनबाहेर कॉपी केलेल्या सीडी खुलेआम मिळायच्या त्या काळातही आमच्या काउंटरवर गर्दी असायची. पायरसीने नुकसान केलं, पण दुकान तिने मारलं नाही.

आमचं खरं बळ रुपयांत होतं. स्टीम सुरू झालं सप्टेंबर २००३ मध्ये. पण भारतातल्या गिऱ्हाइकालाही तिथे डॉलरमध्येच पैसे भरावे लागत, आणि परदेशात चालणारं कार्ड किती घरांत होतं? भारतासाठी छापलेला खोका त्याच गेमच्या डॉलरमधल्या किमतीपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडायचा. मुलगा खाऊचे पैसे साठवून यायचा, नोटा मोजून द्यायचा, गेम घेऊन जायचा. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमने रुपयांत दर लावले आणि आमचा हा आधार एका झटक्यात गेला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं आणि इंटरनेट स्वस्त झालं. मी दुकान २०१७ मध्ये का आवरलं, ते या दोन तारखांवरून कळेल.

तिसरं कारण डिस्कच्या पोटात होतं. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दुहेरी थराच्या डीव्हीडीत ८.५. जीटीए ५ पीसीवर २०१५ मध्ये आला तो ७ डीव्हीडी घेऊन. एक काढा, दुसरी घाला, असं करत सात वेळा. आणि ते संपल्यावरही पॅच, म्हणजे गेममधल्या चुका सुधारणारी फाइल, डाउनलोड करावा लागतोच. मग गिऱ्हाईक म्हणणार, सगळंच डाउनलोड केलं असतं तर काय बिघडलं असतं? त्याचं बरोबर होतं. तोवर नव्या लॅपटॉपमधून डीव्हीडी ड्राइव्हही गायब व्हायला लागले होते.

शिवाय खोका म्हणजे छपाई, वाहतूक, वितरक, दुकानाचं भाडं. सहा महिन्यांनी गेमचा भाव पडला की न विकलेला माल अंगावर. ऑनलाइन दुकानाला माल अंगावर पडायची भीतीच नाही. स्टीम विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा घेतं. खूप मोठी विक्री झाली तर तो २५ आणि मग २० टक्क्यांवर येतो, तोही नियम २०१८ पासूनचा. एपिक या दुसऱ्या कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये ऑनलाइन दुकान उघडलं ते १२ टक्क्यांवर. वितरक आणि दुकानदार अशा दोघांना पोसून खोका विकणाऱ्याला या स्पर्धेत जागाच उरली नाही.

डिस्क घेतली तर गेम माझा, डाउनलोड केला तर कंपनीचा. बरोबर ना, दादा?

नाही, आणि हे नीट समजून घ्या. पीसीच्या बाबतीत हे गेल्या वीस वर्षांत खरं राहिलेलं नाही.

नोव्हेंबर २००४ मध्ये हाफ-लाइफ २ आला. ठाणे-वाशी लोकल सुरू झाली तेच वर्ष. गेम खोक्यात मिळत होता, आत डिस्क होत्या, पण स्टीमवर खातं उघडून तो चालू करून घेतल्याशिवाय खेळताच येत नव्हता. तेव्हा जगभरात लोक चिडले होते. २०११ मध्ये स्कायरिम आला तेव्हा पीसीच्या डिस्कलाही स्टीम लागतंच, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. म्हणजे दुकानं उघडी होती, फळीवर खोके होते, लोक हातात घेऊन घरी नेत होते, आणि मालकी मात्र तेव्हाच खात्यात गेली होती. आम्ही विकत होतो ते प्लॅस्टिक आणि एक सीडी-की, म्हणजे गेम चालू करायचा कोड.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, खोका आहे की नाही हे बघू नका, कुलूप कसलं आहे ते बघा. फार जुन्या गेमला डिस्क ड्राइव्हमध्ये असली की पुरे. तिथे डिस्क म्हणजेच मालकी. नंतरच्या गेमला की आणि खातं लागतं. तिथे डिस्क असली काय नि नसली काय, सारखंच. आणि जीओजीसारख्या दुकानातून, जे २००८ मध्ये सुरू झालं, डाउनलोड केलेल्या गेमला कुलूपच नसतं. इन्स्टॉलरची फाइल तुमच्या हार्ड डिस्कवर ठेवा, दहा वर्षांनी इंटरनेट नसलेल्या संगणकावर टाका, चालेल. खोक्यातल्या स्कायरिमपेक्षा असा डाउनलोड केलेला गेम जास्त ‘आपला’ असतो. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण तसंच आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदाच केला की, डिजिटल वस्तू विकताना गिऱ्हाइकाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. स्टीमने त्याआधीच पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. पुढच्या वेळी पैसे भरताना ती वाचा.

माळ्यावर जुन्या डिस्कचा गठ्ठा सापडलाय. नव्या संगणकावर चालतील?

काही चालतील, काही नाही. डीव्हीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो; तो प्रश्न सोपा आहे. खरी अडचण सेफडिस्क नावाच्या जुन्या कॉपी-संरक्षणाची. २००० च्या आसपासच्या अनेक गेममध्ये ते होतं आणि त्यासाठी विंडोजमध्ये एक ड्रायव्हर, म्हणजे छोटा मदतनीस प्रोग्राम, लागायचा. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भगदाड होतं, म्हणून विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने तो ठेवलाच नाही आणि सप्टेंबर २०१५ मध्ये आधीच्या विंडोजवरही बंद केला. त्यामुळे डिस्क आरशासारखी स्वच्छ असली तरी गेम सुरू होत नाही. तुमची डिस्क खराब आहे असं समजून फेकू नका.

दुसरं म्हणजे २००७-०८ च्या काही गेमना किती संगणकांवर टाकायचं याची मर्यादा होती. २००८ च्या स्पोरला सुरुवातीला ती ३ होती. गेम विकत घेतलेल्या माणसालाच चौथ्या वेळी अडवायचं, ही पद्धत मला तेव्हाही अन्यायाची वाटायची.

चालणाऱ्या डिस्कची मात्र आत्ताच हार्ड डिस्कवर प्रत करून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात डिस्क टिकत नाहीत, डाग धरतात. आपल्याच प्रोग्रामची, तो हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून, प्रत ठेवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. ती प्रत दुसऱ्याला द्यायची किंवा विकायची नाही, एवढं पाळा.

त्या डिस्क विकल्या तर काही पैसे येतील का?

की लागणाऱ्या गेमचे जवळजवळ शून्य. की एकदा एका खात्याला चिकटली की दुसऱ्याला उपयोग नाही. प्लेस्टेशनच्या डिस्कचा जुना बाजार अजून आहे, पीसीचा फार आधी संपला तो यामुळेच. फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेने स्टीमच्या कंपनीवर, म्हणजे वॉल्व्हवर, खटला भरला होता. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने डिजिटल गेमही पुन्हा विकता आला पाहिजे असा निकाल दिला, पण २०२२ मध्ये अपिलात तो फिरला.

विकत घेतलेला गेम ऑनलाइन दुकानातून काढून टाकला तर?

दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. विक्री बंद होणं आणि गेम बंद होणं.

विक्री बंद झाली तर आधी घेतलेल्यांना बहुधा पुन्हा डाउनलोड करता येतं. फोर्झा होरायझन ४ ची विक्री १५ डिसेंबर २०२४ ला थांबली, पण ज्यांच्याकडे आहे ते खेळतायत. गाड्यांच्या गेममध्ये हे फार होतं, कारण गाड्यांचे आणि गाण्यांचे करार ठरावीक मुदतीचे असतात. २००५ चा नीड फॉर स्पीड: मोस्ट वॉन्टेड आठवतो? ठाण्यातल्या प्रत्येक सायबर कॅफेत तो होता. आज तो कुठल्याही अधिकृत ऑनलाइन दुकानात विकत मिळत नाही. कुणाच्या माळ्यावर त्याची मूळ डिस्क असेल तर ती जपा, इथे डिस्कचा मान खरोखर मोठा आहे. गाण्यांचं म्हणाल तर एप्रिल २०१८ मध्ये जीटीए ४ मधली कितीतरी गाणी अपडेटने काढली गेली. गेम तोच, विकत घेतलेला, पण रेडिओवरची गाणी गेली.

गेमच बंद होणं याहून वाईट. युबिसॉफ्ट कंपनीच्या द क्रू या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले. तो सतत सर्व्हरशी जोडलेला असावा लागायचा, त्यामुळे डाउनलोड केलेला आणि खोक्यातला, दोन्ही एकाच दिवशी निरुपयोगी झाले. यातूनच स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये युरोपातल्या तिच्या अर्जाला १० लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. मला ही मागणी रास्त वाटते. सर्व्हर कायम चालवा असं कुणी म्हणत नाही. बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढंच मागणं आहे. विकत घेण्याआधी गेमच्या पानावर सतत इंटरनेट लागतं असं लिहिलंय का, ते बघत चला.

माझ्या इंटरनेटवर डाउनलोडला किती वेळ लागेल?

हिशेब सोपा आहे. इंटरनेटचा वेग एमबीपीएसमध्ये सांगतात, त्याला ८ ने भागा, सेकंदाला किती एमबी येतात ते कळतं. १०० एमबीपीएसवर सेकंदाला १२.५ एमबी. म्हणजे १०० जीबीच्या गेमला सव्वादोन तासांच्या आसपास. रेड डेड रिडेम्प्शन २ ला १५० जीबी जागा लागते. तेवढं सगळं उतरवायचं झालं तर ३ तास २० मिनिटं. हा वेग पूर्ण मिळाला तर. संध्याकाळी सगळी सोसायटी काहीतरी बघत असते तेव्हा तो मिळत नाही, रात्री अकरानंतर लावा.

२००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. त्या वेगाने एक साधी डीव्हीडी भरेल एवढा माल उतरवायला ४१ तास लागले असते. तेव्हा दुकानात यायला लोकांना कारण होतं.

स्टीमच्या सेटिंगमध्ये डाउनलोड रीजन, म्हणजे गेम कुठून उतरतो ते ठिकाण, मुंबई आहे का तपासा. लॅपटॉप असेल तर वायफायऐवजी केबल लावा. जुन्या बिल्डिंगच्या जाड भिंतींत वायफाय अर्ध्यावर येतं. वीज गेली तर घाबरू नका, स्टीम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करतं. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर मोठा गेम उतरवायचा प्रयत्न करू नका.

आणि हे फार कमी जणांना ठाऊक असतं: मित्राकडे तोच गेम उतरवलेला असेल तर त्याच्या स्टीमच्या फोल्डरमधून तो पोर्टेबल एसएसडीवर घ्या आणि आपल्या फोल्डरमध्ये टाका. स्टीम फाइल तपासतं आणि कमी पडेल तेवढंच डाउनलोड करतं. एकाच घरातले दोन संगणक असतील तर २०२३ पासून स्टीम घरच्या नेटवर्कवरूनही गेम इकडून तिकडे नेतं. गेम दोघांनीही विकत घेतलेला हवा, हे सांगायला नको.

स्वस्त कुठे पडेल?

सेलची वाट बघा. नवा गेम पहिल्या दिवशी घ्यायची घाई नसेल तर वर्षभरात तो बराच खाली येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये वॉल्व्हने निरनिराळ्या देशांसाठी सुचवलेले दर बदलले. त्यानंतर काही गेम आपल्याकडे पूर्वीपेक्षा महाग झाले, म्हणून सेलला महत्त्व आलंय.

एका बाबतीत ऑनलाइन दुकान आमच्यापेक्षा निर्विवाद चांगलं आहे. जून २०१५ पासून स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. आम्ही सील फोडलेला खोका परत घेऊ शकत नव्हतो, वितरक तो आमच्याकडून घ्यायचा नाही. “काका, माझ्या संगणकावर चालतच नाही,” असं म्हणत एखादं पोर डोळ्यांत पाणी आणून उभं राहायचं तेव्हा फार वाईट वाटायचं. मुलांनो, गेम घेतला की पहिल्या दोन तासांत सेटिंग बदलून, मारामारीच्या जागेपर्यंत जाऊन तपासा.

इन्स्टाग्रामवर एक जण अडीचशे रुपयांत नवा गेम देतोय. घेऊ?

नका घेऊ. हात जोडून सांगतो.

हा प्रकार ‘ऑफलाइन ॲक्टिव्हेशन’ या नावाने चालतो. विकणारा एकदा गेम घेतो आणि त्याच खात्याचा पासवर्ड अनेकांना विकतो. तुम्ही लॉगिन करायचं, गेम उतरवायचा, ऑफलाइन करायचं आणि पुन्हा कधी ऑनलाइन यायचं नाही. गेमचा अपडेट आला, विंडोज नव्याने टाकलं किंवा त्याने पासवर्ड बदलला की संपलं. खातं दुसऱ्याला विकणं हे नियमाबाहेर असल्याने तक्रार करायलाही जागा नाही. काही जण त्याबरोबर एक फाइल देतात आणि अँटिव्हायरस बंद करून चालवा म्हणतात. घणसोलीच्या एका मुलाचा संगणक माझ्याकडे आला होता, त्यात अशाच फाइलने घुसून त्याची सगळी खाती दुसऱ्याच्या हातात गेली होती. कॉलेजचा ईमेलसुद्धा. अडीचशे रुपये वाचवायला गेला होता.

अनोळखी वेबसाइटवरच्या स्वस्त कीचंही तसंच. काही दुसऱ्या देशासाठीच्या असतात, इथे चालत नाहीत. काही चोरीच्या कार्डाने घेतलेल्या असतात आणि नंतर रद्द होतात. पैसे अडकलेच तर वाट बघत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. आई-बाबांना सांगायची भीती वाटत असेल तरी सांगा. उशीर केला की पैसे परत मिळणं अवघड होतं.

नातवाला वाढदिवसाला गेम द्यायचाय. दुकानात खोका मिळत नाही, मग देऊ काय?

नेरुळहून एका आजोबांनी हे विचारलं होतं. कागदात गुंडाळलेली वस्तू नातवाच्या हातात पडावी, तो ती फाडतोय हे बघावं, असं त्यांना वाटत होतं. ही हौस मला कळते. डाउनलोडने आपल्याकडून खरंच काही काढून घेतलं असेल तर ते हे.

मी त्यांना सुचवलं की गेम त्याच्या खात्यात घ्यायचा आणि बरोबर त्याच्या हातात बसेल असा कंट्रोलर गुंडाळून द्यायचा. स्टीमवर भेट पाठवता येते, पण त्यासाठी देणाऱ्याचंही खातं लागतं आणि दोघं तिथे एकमेकांच्या मित्रयादीत हवेत. आजोबांसाठी सोपं म्हणजे मुलाच्या बाबांनी यूपीआयने पैसे भरावेत.

स्टीमच्या नियमाप्रमाणे खातं उघडायला वय किमान १३ हवं. मोठ्या मुलाचंही खातं उघडताना ईमेल आणि फोन नंबर पालकांचा द्या, पासवर्ड वहीत लिहून ठेवा. हरवलेल्या खात्यांची बहुतेक प्रकरणं मी बघितली ती बंद पडलेल्या ईमेलची.

दोन भावंडांना गेमची एकच लायब्ररी (खात्यातला साठा) वापरता येईल?

हो. सप्टेंबर २०२४ पासून स्टीम फॅमिलीज ही सोय आहे, एका घरातल्या ६ जणांपर्यंत. एक जण एक गेम आणि दुसरा दुसरा गेम एकाच वेळी खेळू शकतो. तोच गेम एकाच वेळी खेळायचा तर दोन प्रती लागतात. आई-वडिलांना वेळेची मर्यादाही घालता येते.

माझं खातं पुढे मुलीच्या नावावर करता येईल?

स्टीमच्या करारात खातं दुसऱ्याच्या नावावर करायची सोय नाही. डिस्कची पेटी मुलीच्या हवाली करता येते, खातं नाही. म्हणून जे गेम मनापासून आवडतात ते जमल्यास कुलूप नसलेले घ्या आणि इन्स्टॉलर दोन ठिकाणी साठवा.

जुना संगणक आहे, विंडोज ७. स्टीम चालेल?

१ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ आणि ८ चा आधार बंद केला. नव्याने विकत घेतलेलं काही त्यावर टाकायचा विचार सोडा. पण सेफडिस्क नसलेल्या जुन्या डिस्क खेळायला तोच संगणक उत्तम. भंगारात देऊ नका, इंटरनेट न जोडता ठेवा.

मग आता दुकानात जायचं तरी कशाला?

सल्ल्याला. ऑनलाइन दुकान तुम्हाला लाखो लोकांना आवडलेला गेम दाखवेल, पण तुमच्या चार वर्षं जुन्या ग्राफिक्स कार्डावर तो अडखळेल का, हे समोर बसून कुणी सांगत नाही. ठाण्या-वाशीतल्या संगणकवाल्यांकडे जा, तुमच्या संगणकाची माहिती लिहून न्या, विचारा. रॅम, एसएसडी, कंट्रोलर, हेडफोन हातात धरून घ्या.

आणि जुन्या डिस्क चालत नसतील तर माझ्यासारख्या कुणाकडे घेऊन या. येताना नुसती डिस्क आणू नका, आधी घरात तिचं मॅन्युअल शोधा. की बहुतेक वेळा त्याच्या मागच्या पानावर चिकटवलेली असते.